खुर्ची चौदा इंच पुढे

आमच्या भाच्याने मॉनिटर घेतले. ताईला वाटलं, कॉम्प्युटरचा पडदा असेल. खोक्यातून पाच इंची वूफरचे दोन काळे डबे निघाले तेव्हा ती म्हणाली, "अरे, हे तर स्पीकर!" भाचा दुखावला. "आई, स्पीकर गाणं गोड करून ऐकवतो. मॉनिटर खरं काय ते सांगतो." ताई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यासाठी वीस हजार कशाला घातलेस? मी फुकट सांगते."

ताईचं घर डोंबिवलीला. भाच्याची खोली दहा बाय दहा, उंची साडेनऊ फूट. तीत एक पलंग, एक लोखंडी कपाट, एक टेबल आणि माळ्यावर न मावलेल्या पाहुण्यांच्या गाद्या. या खोलीला गेल्या महिन्यापासून 'स्टुडिओ' म्हणायचं असा दंडक आहे. दारावर तशी पाटीही लागली आहे. इस्त्रीवाला अजून त्याच दाराला कपडे अडकवून जातो.

पहिलं काम आलं ते हळदीच्या गाण्याचं. कल्याण-डोंबिवली पट्ट्यात एक वेळ लग्न साधेपणाने उरकेल, हळद उरकत नाही. आणि हळदीच्या गाण्यात एक वेळ शब्द चुकले तरी चालतील, बास चुकून चालत नाही. भाच्याने तीन रात्री खपून मिक्स केलं. बास कमी वाटला, वाढवला. तरी कमी वाटला, अजून वाढवला. चौथ्या दिवशी रिक्षात लावून पाहिलं. रिक्षावाल्याने रिक्षा बाजूला घेतली, खाली उतरला आणि मागचं चाक तपासलं.

"मॉनिटर खोटं बोलतायत," भाच्याने निकाल दिला. "आठ इंची घ्यायला हवे होते."

इथे माझा प्रवेश झाला. मला संगीतातलं फार कळतं म्हणून नव्हे. घरात मोजपट्टी माझ्याकडे आहे म्हणून.

•

भाचा बसला होता खोलीच्या बरोब्बर मधोमध. का? तर शोभतं म्हणून. मंडपात गणपती मधोमध, देव्हाऱ्यात कुलदैवत मधोमध, मग मिक्सिंग करणाऱ्याने काय पाप केलंय? ताई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. तिचं म्हणणं, "केवढं ते ढमढम, छातीत धडधडायला होतं." त्याचं म्हणणं, "आई, बास आहेच कुठे?" एकाच खोलीत, एकाच वेळी, एकच गाणं ऐकून दोघं उलट बोलत होती आणि दोघंही खरं बोलत होती. मराठी घरात हा योग क्वचित येतो.

त्याचं असं आहे की खोलीलाही सूर असतो. न्हाणीघरात गुणगुणताना एखाद्या सुरावर भिंती अचानक साथ देऊ लागतात आणि आपण स्वतःला भीमसेन समजतो. तो सूर आपला नसतो, न्हाणीघराचा असतो. हिशेब पाचवीच्या पोराला जमेल असा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर, जाऊन-येऊन ६.१. भागाकार केला की ५६ हर्ट्झ. या खोलीची लांबी ५६ गाते. रुंदीही तेवढीच, तीही ५६ गाते. उंची २.९ मीटर, ती ५९ गाते. तिन्ही भावंडं जवळपास एकाच सुरात गळा काढतात. खोली लांबट असती तर प्रत्येकाचा सूर वेगळा पडला असता आणि कालवा थोडा विभागून गेला असता.

या खोलीच्या सुराला एक खोड आहे. तो भिंतीपाशी सगळ्यात जोरात असतो आणि मधोमध जवळजवळ नसतोच. म्हणजे भिंतीला टेकलेल्या ताईला सगळा बास आणि मधोमध विराजमान झालेल्या चिरंजीवांना काही नाही. जे ऐकू येत नाही ते तो वाढवत बसला. वाढवलेलं सगळं रिक्षावाल्याला मिळालं.

फ्लॅट घेताना आपण कार्पेट एरिया मोजतो, पार्किंग मोजतो, ईशान्य कोपरा तपासतो. चौरस खोलीचा हा दोष मात्र कुठल्याही वास्तुतज्ज्ञाच्या पुस्तकात नाही. गंमत अशी की त्यावर उतारा म्हणून विकतात ते पिरॅमिडच. फक्त फोमचे.

•

फोमचा पिरॅमिड इंच-दोन इंच जाड असतो, काळा असतो, आणि त्याच्यासमोर फोटो चांगला येतो. हे त्याचे तीन सिद्ध झालेले गुण. टाळी वाजवल्यावर भिंतीतून जी 'टिंग' येते ती तो कमी करतो, तेवढंच. बास त्यातून पिठाच्या चाळणीतून पाणी जावं तसा जातो. असला मऊ माल एखाद्या लाटेला नीट धरायला तिच्या लांबीच्या पावपट जाड हवा, असा ढोबळ ठोकताळा आहे. ५६ हर्ट्झची लाट ६.१ मीटर लांब. पावपट म्हणजे दीड मीटर, म्हणजे पाच फूट. आता दहा फुटी खोलीत समोरच्या भिंतीला पाच फूट फोम लावा आणि मागच्या भिंतीला पाच फूट. बासचा प्रश्न कायमचा मिटेल. आत बसायचाही.

अंड्यांच्या ट्रेचं तर विचारूच नका. भाच्याच्या एका मित्राने अंडाभुर्जीच्या गाडीवरून पन्नास ट्रे गोळा करून भिंतीभर चिकटवले. त्या ट्रेमुळे अंडी फुटत नाहीत, इतकंच आजवर सिद्ध झालेलं आहे. आवाज थोपवायला लागणारं वजन त्यांच्यात नाही आणि शोषायला लागणारी जाडीही नाही. झुरळांनी मात्र त्या स्टुडिओचं मनापासून स्वागत केलं.

•

मग भाच्याने कागद काढला. खोक्यासोबत येतो तो, आकडे छापलेला. "मामा, बघ, इथे लिहिलंय किती खाली जातात ते."

लिहिलेलं असतं खरं. पण कुठल्या अटीवर, ते बारीक अक्षरात असतं. यामाहाचा एचएस ५ हा पाच इंची मॉनिटर जगभरच्या शयनगृहांत वाजतो. त्याच्या माहितीपत्रकात दोन आकडे आहेत. एक म्हणतो ५४ हर्ट्झपासून, दुसरा म्हणतो ७४ हर्ट्झपासून. दोन्ही खरे. आवाज दहा डेसिबलने पडेपर्यंत मोजायचं म्हटलं तर ५४, तीनच डेसिबल पडू द्यायचे म्हटलं तर ७४. त्या कंपनीने दोन्ही अटी छापल्या, ही तिची सभ्यता. बाजारात असे डबे पुष्कळ आहेत ज्यांच्यावर नुसता आकडा असतो, अट नसते. निवडणुकीच्या जाहीरनाम्यावर असतो तसा.

आणि आता विनोद बघा. पाच इंची डबा ५६ हर्ट्झला दमलेला असतो. पण दहा फुटी खोली नेमकी ५६लाच गर्जत असते. म्हणजे डब्याची उणीव खोली भरून काढते, आणि भरून काढताना पातेलं उतू घालवते. यात आठ इंची आणून काय करणार? दमलेल्या माणसाच्या जागी पैलवान, आणि उतू जाणाऱ्या पातेल्याखाली मोठा गॅस.

•

मॉनिटर म्हणजे सत्यवचनी हरिश्चंद्र, हा समज मुळात तपासून घ्यावा. १९७८ साली यामाहाने एनएस १० नावाचा स्पीकर काढला. स्टुडिओसाठी नव्हे, घरी शेल्फवर ठेवून गाणी ऐकायला. घरच्यांना तो काही आवडला नाही, बास कमी आणि आवाज टोचरा. मग ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी तो उचलला आणि बघता बघता जगातल्या मोठमोठ्या स्टुडिओंत त्याच्या वूफरचा पांढरा कोन दिसू लागला. टोचतो फार म्हणून ट्विटरवर, म्हणजे वरच्या पट्टीच्या छोट्या स्पीकरवर, टिश्यू पेपर चिकटवायची पद्धत पडली. नाक पुसायचा कागद. मग कुठला टिश्यू, किती पदरी, किती अंतरावर, यावर जाणकारांनी गंभीरपणे मोजमापंही केली. २००१ साली त्याचं उत्पादन थांबलं, कारण कोनाला लागणारा लगदा मिळेना. पांढरे कोन अजून निघतात. श्रद्धेचं असंच असतं, देव गेला तरी शेंदूर उरतो.

सांगायचं इतकंच, की त्या टोचऱ्या डब्यावर लोकांनी उत्तम काम केलं, कारण तो कुठे टोचतो हे त्यांना पाठ होतं. आमच्या भाच्याला त्याचा डबाही पाठ नव्हता आणि खोलीही. मत मात्र दोन्हींबद्दल पक्कं होतं.

•

म्हणून मोजायचं ठरलं.

आधी भाच्याने फोनवरचं ॲप काढलं. फोनचा माइक "हॅलो, कुठे पोचलास" ऐकायला केलेला असतो. त्याने बास मोजणं म्हणजे भाजीवाल्याच्या तराजूवर सोनं तोलणं. शेवटी एका मित्राकडून मोजणीचा माइक उसना आणला. पेन्सिलीएवढा बारीक, चारी दिशांनी सारखंच ऐकणारा. त्याच्या नंबरासोबत फाइल येते. तो माइक कुठल्या पट्टीत किती चुकतो ते तीत लिहिलेलं असतं, म्हणजे सॉफ्टवेअर तेवढं वजा करतं. आपल्या चुकांची यादी सोबत घेऊन येणारा प्राणी मी प्रथमच पाहिला. लग्नाच्या संकेतस्थळांनी ही प्रथा घ्यायला हरकत नाही.

सॉफ्टवेअर रूम ईक्यू विझार्ड. जॉन मल्केही या गृहस्थाने लिहिलेलं, आणि फुकट. फुकट असल्यामुळे भाच्याचा त्यावर सुरुवातीला विश्वास नव्हता.

मोजणी रात्री अकराला. पंखा बंद, खिडकी बंद, फ्रीज थोडा वेळ बंद. खुर्चीवर माणूस नको. कान जिथे असतात तिथे माइक उभा करायचा, छताकडे तोंड करून, आणि फाइलही छताकडे तोंड असलेल्या मापाचीच घ्यायची. सोबत दोन फाइली मिळतात आणि निम्मी जनता उलटी लावते. आधी डावा, मग उजवा, मग दोन्ही.

मग तो आवाज सुरू होतो. २० हर्ट्झपासून २०,००० पर्यंत एक सलग मींड. आंजेलो फारिना या इटालियन प्राध्यापकाने २००० साली ही तऱ्हा नीट मांडली. प्रत्येक सप्तकाला सारखाच वेळ. गवयाला तीन सप्तकं फिरता आली की मैफल त्याची. हा पठ्ठ्या दहा सप्तकं एका दमात घेतो. आधी जमिनीतून यावा तसा हुंकार, मग भुंगा, मग कुकरची शिट्टी, मग डास, मग काहीच नाही. "संपलं?" मी विचारलं. "नाही मामा, चालूच आहे," भाचा म्हणाला. वयाचा दाखला कचेरीत हेलपाटे न घालता मिळाला.

मधेच, शंभराच्या जरा वर, "चर्रर्र" असा आवाज आला. भाचा पांढरा पडला. "वूफर फाटला!" पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच चर्रर्र. वॉरंटीचं कार्ड शोधणं सुरू झालं. एवढ्यात ताई झोपमोड झालेल्या चेहऱ्याने आत आली, लोखंडी कपाटाला लटकलेला किल्ल्यांचा जुडगा काढून कमरेला लावला आणि गेली. पुन्हा लावलं. वूफर बरा झाला होता.

पाठोपाठ खालच्या मजल्यावरचे काका आले. "मोटर बिघडलीय का?" त्यांनी विचारलं. भाचा म्हणाला, "काका, खोली मोजतोय." काका थोडा वेळ थांबले. "विकताय?"

•

आलेख आला. समर्थांच्या शिवथर घळीपासून कळसूबाईपर्यंत सगळं त्यात होतं. ५६च्या आसपास दरी, ११२ला सुळका, दीडशेच्या खाली आणखी एक खड्डा. भाचा सुन्न. दुकानात 'फ्लॅट' म्हणून घेतलेल्या वस्तूची ही पत्रिका.

दोन मिनिटांत मात्र तो सावरला. सॉफ्टवेअरमध्ये रेषा गुळगुळीत करायची सोय असते. त्याने ती शेवटपर्यंत ओढली. दऱ्या बुजल्या, सुळके बसले, हिरवीगार टेकडी उरली. "आता बरं दिसतंय!" दिसणारच. लग्नाच्या फोटोतला नवरदेवही बरा दिसतो. बासच्या भागात रेषा जितकी कमी गुळगुळीत, तितकं सत्य जास्त. उभी मोजपट्टी दाबून बसवली तर हिमालयही पठार होतो. आलेख बघताना आधी पट्टी बघावी, मग रेषा. अर्थसंकल्पाच्या बातम्यांनाही हाच नियम.

मग त्याने दुसरा हुकमी एक्का काढला. "मामा, ५६ला खड्डा आहे ना? ईक्यूने तेवढी पट्टी दहा डेसिबल चढवतो. भरून निघेल."

खड्डे भरायची ही आपली सार्वजनिक बांधकामाची रीत. पण हा खड्डा माल कमी पडल्यामुळे झालेला नाही. स्पीकरमधून येणारी लाट आणि भिंतीवरून परतणारी लाट एकमेकींना खोडतात म्हणून तो झालाय. तुम्ही वरून जेवढा मुरूम ओताल, तेवढाच भिंत खालून उपसून काढणार. आणि दहा डेसिबल म्हणजे दसपट ताकद. पाच इंची वूफर त्या एका सुरासाठी जीव टाकेल, खड्डा तिथेच राहील आणि बिल मात्र निघेल. ईक्यूने सुळका तासता येतो, दरी भरता येत नाही.

"मग करायचं काय?"

"खुर्ची हलव."

तो गप्प झाला. महाराष्ट्रात खुर्ची हलव म्हटलं की कुणाचाही चेहरा असाच होतो.

•

ठोकताळा असा, की बसायची जागा समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर असावी. दहा फुटांत तीन फूट दहा इंच. भाचा पाच फुटांवर बसला होता. फरक चौदा इंच. खर्च शून्य. कष्ट अर्ध्या मिनिटाचे. तरी त्याआधी तो फोमची दोन खोकी, सोनेरी टोकांच्या केबली आणि व्हायब्रेशन शोषणारे पाय मागवून मोकळा झाला होता. फुकटचा उपाय माणूस सगळ्यात शेवटी करतो, कारण तो कुणाला दाखवता येत नाही.

खुर्ची पुढे आली तसे मॉनिटरही जवळ आले. दोन डबे आणि एक डोकं, तिघांचा समभुज त्रिकोण, प्रत्येक बाजू तीन फूट. दहा फुटी खोलीत याहून मोठा त्रिकोण मांडणं म्हणजे चाळीत घोडा पाळणं.

मॉनिटर भिंतीपासून किती पुढे हवेत, यावर जाणकार मित्रांचं एकमत होतं: दोन फूट. मी पुन्हा पट्टी काढली. वूफरचं तोंड भिंतीपासून दोन फुटांवर असेल तर मागे जाऊन परतणारी लाट १४०च्या आसपास पुढच्या लाटेला खोडते. दीडशेच्या खालचा तो दुसरा खड्डा इथून आलेला. मोठ्या स्टुडिओत अंतर इतकं वाढवता येतं की तो खड्डा फार खाली निघून जातो. आपल्याला तेवढी जागा नाही. म्हणून उलट करायचं. डबा भिंतीजवळ सरकवायचा. खड्डा वरच्या पट्टीत सरकतो आणि तिथे चार इंची मऊ माल त्याला पकडू शकतो. भिंतीजवळ गेल्याने बास फुगतो, तो डब्याच्या पाठीवरच्या बटणाने उतरवायचा. ते बटण त्याचसाठी असतं. भाच्याला ते आहे हे महिनाभर माहीत नव्हतं, कारण पाठ बघायची वेळ माणसावर फक्त धूळ पुसताना येते, आणि ते काम ताईचं.

उंचीही चुकली होती. ट्विटर कानाच्या रेषेत हवा, त्याचा ट्विटर छातीशी बोलत होता आणि अर्धा आवाज टेबलावर आपटून येत होता. भाच्याने डबे आडवे पाडून बघितले, कारण फोटोत तसे असतात. उभ्यासाठी केलेला डबा आडवा पाडला की वूफर आणि ट्विटर शेजारी-शेजारी येतात आणि डोकं जरा डावी-उजवीकडे झालं की आवाज बदलतो. डबे उभे केले आणि खाली दिवाळी अंकांचे गठ्ठे लावले. सहा वर्षांचे अंक एका डब्याखाली, सहा वर्षांचे दुसऱ्याखाली. त्यातल्या चारांत माझे लेख आहेत. माझं लेखन कुणाच्या कानापर्यंत पोचल्याचा हा पहिला पुरावा.

बाजूच्या भिंतींसाठी आरसा. खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा, आणि त्यात जिथे ट्विटर दिसेल तिथे काहीतरी मऊ आणि जाड टांगायचं. ताईने आरसा धरला. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला आरसा धरायला लावला, नाहीतर मीच सगळ्यांना दाखवते," ती म्हणाली.

•

आता ते मऊ आणि जाड काहीतरी आणायचं कुठून? घरातच होतं. पाहुण्यांच्या गाद्या. कापसाच्या, चार इंची, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या.

"माझ्या गाद्या भिंतीला टांगणार?" ताईचा आवाज ७० डेसिबलवरून थेट ९०ला गेला. तेव्हा मी तिला सॅबिनची गोष्ट सांगितली.

१८९५ साल. हार्वर्ड विद्यापीठात फॉग म्युझियमचं नवं व्याख्यानगृह बांधलं होतं आणि त्यात बोललेलं कळतच नव्हतं. एक शब्द उच्चारला की साडेपाच सेकंद घुमत राहायचा, तोवर पुढचे पंधरा त्याच्यावर येऊन पडायचे. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बघ काय ते. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. मध्यरात्रीनंतर, सगळं सामसूम झाल्यावर, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज विरेपर्यंत वेळ मोजायचा. अजून थोड्या गाद्या, पुन्हा मोजायचं. पहाटे गाद्या परत नेऊन ठेवायच्या. आपल्या अंगावरचे कपडेही आवाज पितात हे लक्षात आल्यावर तो दर वेळी तेच कपडे घालून मोजायला बसू लागला. सुरुवातीला तर त्याने आवाज शोषण्याचं माप 'इतके मीटर गादी' असंच धरलं होतं. यातून आधुनिक ध्वनिशास्त्र निघालं. १९०० साली उघडलेलं बोस्टनचं सिंफनी हॉल त्याच्या सल्ल्याने झालं, आणि शोषणाच्या एककाला आज त्याचं नाव आहे.

"म्हणजे तुमचं हे शास्त्र," ताई म्हणाली, "दुसऱ्याच्या गाद्या पळवून सुरू झालं."

पण तिने गाद्या दिल्या. अटी दोन. रेक्झिनचं आवरण काढायचं नाही आणि पाहुणे आले की परत. पहिल्या अटीवर वाटाघाटी झाल्या, कारण रेक्झिनवर आदळून वरच्या पट्ट्या तशाच परततात. शेवटी सुती खोळी शिवल्या गेल्या. दोन गाद्या बाजूच्या भिंतींना, भिंतीपासून चार बोटं सोडून, कारण मागे पोकळी असली की तीच गादी जास्त खालचं पकडते. दोन-दोन कोपऱ्यांत उभ्या. ५६चा ढमढमाट त्यांनी काही गिळला नाही, पण दोनशेच्या आसपासचा गोंधळ निवळला आणि शब्द सुटे ऐकू येऊ लागले. पाहुणे आले की गाद्या खाली जातात आणि खोली पुन्हा घुमू लागते. मग पाहुणे त्यांच्यावर झोपतात आणि थोडं स्वतःच शोषून घेतात. पाहुणे शोषतात त्या खर्चाचं माप मात्र अजून कुणी काढलेलं नाही.

•

शेवटचा मुद्दा आवाजाचा. भाचा मिक्स करायचा ते एकतर भिंती हलवत किंवा रात्री ताई झोपल्यावर कुजबुजत. दोन्ही वेळा वेगळा बास. ही काही मॉनिटरची लबाडी नाही. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच दाखवून दिलं, की आवाज कमी केला की आपला कान खालच्या पट्टीला जास्त बहिरा होतो. म्हणून एक पातळी ठरवायची आणि नॉबवर खूण करायची. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवाल्यांच्या एका शिफारशीत दीड हजार घनफुटांहून लहान खोलीला ७६ डेसिबल सांगितले आहेत. आपली खोली साडेनऊशे घनफूट. भाच्याने ७६वर लाल पट्टी चिकटवली. त्याच संध्याकाळी रस्त्यावरून वरात गेली आणि मोजणीचा माइक आपोआप लाल झाला. निवासी भागात रात्री ४५ डेसिबल, असा नियम आपल्याकडे २००० सालापासून आहे. तो कुणाला ऐकू येत नाही, कारण बाहेर आवाज फार असतो.

•

हळदीचं गाणं पुन्हा मिक्स झालं. रिक्षात लावलं. रिक्षावाला न थांबता स्टेशनपर्यंत गेला आणि उतरताना म्हणाला, "ब्लूटूथला पाठवा." याहून मोठं प्रमाणपत्र कल्याण तालुक्यात मिळत नाही. खुर्चीच्या चार पायांशी भाच्याने जमिनीवर निळ्या चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या. मी मोजपट्टी खिशात घातली आणि विषय संपला असं समजलो.

महिन्याभराने फोन. "मामा, बास पुन्हा पातळ झालाय. डबे बसले बहुतेक. आठ इंची बघून ठेवलेत, हप्त्यावर मिळतायत."

गेलो. मॉनिटर जागच्या जागी, दिवाळी अंक जागच्या जागी, गाद्या भिंतीला. भाचा आलेख उघडून बसलेला, कपाळाला आठ्या. केर काढायला येणाऱ्या मावशींचा हात चांगला आहे. फरशी लख्ख होती, चिकटपट्टीच्या चारही फुल्या खरवडून साफ केलेल्या होत्या आणि खुर्ची खोलीच्या बरोब्बर मधोमध, शोभेल अशी ठेवलेली होती.

"ऊठ जरा," मी म्हणालो आणि पायाने खुर्ची चौदा इंच पुढे ढकलली.